तीन तासांची सेटिंग, बारा दिवसांचं कोटेशन: भोसरीतल्या एका प्रेस शॉपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कारखाना भोसरी एमआयडीसीतला, पस्तीस वर्षांचा जुना. काम पत्र्याच्या सुट्या भागांचं: ब्रॅकेट, क्लॅम्प, प्लेट. दोन शेड, पत्रा दाबून आकार देणाऱ्या, ४० टनापासून ४०० टनापर्यंत दाबाच्या १९ प्रेस, कामगार आणि स्टाफ मिळून १८०च्या आसपास माणसं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

संस्थापकांना सगळे मोठे साहेब म्हणतात. ते स्वतः टूल रूममध्ये, म्हणजे प्रेसचे साचे बनतात-दुरुस्त होतात तिथे, काम शिकलेले. डायवर, म्हणजे त्या साच्यावर, नुसता हात फिरवून धार कुठे गेली ते सांगतात. गेली काही वर्षं त्यांचा मुलगा कारखाना बघतो. त्याला कामगार दादा म्हणतात. कामाची पद्धत बदलायला मला बोलावलं ते दादाने.

कारखाना ज्या काळात वाढला तो काळ आधी नीट समजून घ्यायला हवा. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मोठ्या वाहन कंपन्या आल्या आणि त्यांच्या आधाराने शेकडो छोटे-मध्यम कारखाने उभे राहिले. एकदा पार्ट मिळाला की तीच डाय आठ-दहा वर्षं चालायची. महिन्याचं शेड्यूल यायचं, ते फारसं हलायचं नाही. अशा कामाला मोठा लॉट, भरपूर साठा आणि एकाच टेबलावरून सुटणारे निर्णय हीच व्यवस्था योग्य होती. मोठ्या साहेबांनी ती चोख बसवली आणि तिच्यावर दीडशेहून जास्त घरं उभी राहिली. बदलाची चर्चा करायला येणारे बहुतेक लोक हे विसरतात आणि पहिल्याच बैठकीत जुन्या माणसांना चुकीचं ठरवतात. तिथेच निम्मं काम बिघडतं.

मग काळ बदलला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे वाहनांच्या धुराचं नवं कडक मानक, लागू झालं. बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट सहावर उडी होती, त्यामुळे इंजिन आणि एक्झॉस्टच्या आजूबाजूचे कितीतरी पार्ट बदलले. त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाउन लागला. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आला. गाड्यांच्या लाइन थांबायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या, आणि महिन्याचं शेड्यूल पंधरा दिवसांत पालटायचं. पाठोपाठ इलेक्ट्रिक दुचाकीवाले आले. त्यांना तीनशे-पाचशे नग हवे असायचे, आणि ड्रॉइंग दोन-तीनदा बदलायचं. कारखान्यातले चालू पार्ट ११० वरून २६० वर गेले, तर एका पार्टच्या नगांची संख्या घटत गेली.

अडचण

ठिणगी एका छोट्या ऑर्डरवर पडली. जुन्याच ग्राहकाने इलेक्ट्रिक दुचाकीच्या बॅटरीखालच्या ब्रॅकेटचे ३०० नग तीन आठवड्यांत मागितले. कारखान्याने कोटेशन द्यायला बारा दिवस घेतले आणि त्यात मुदत अकरा आठवड्यांची लिहिली. काम गेलं दोन गल्ल्या पलीकडच्या एका गाळ्यात. तिथे प्रेस तीन, माणसं चौदा. ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या माणसाने दादाला सांगितलं, की तुमच्या क्वालिटीबद्दल तक्रार नाही, पण तुमचं उत्तर येईपर्यंत आमचं ड्रॉइंग बदललेलं असतं.

दादा लगेच कामाला लागला. हिंजवडीतल्या, सॉफ्टवेअरमधल्या मित्राच्या सल्ल्याने त्याने दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं. शेडमध्ये पांढरा बोर्ड आला, रंगीत चिठ्ठ्या आल्या, पंधरा दिवसांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, ठरले, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने बैठक सुरू झाली. तीन आठवड्यांत चिठ्ठ्या गळून पडल्या. सुपरवायझर बैठकीत एकच वाक्य बोलायचे: डाय टूल रूममध्ये आहे. टूल रूमवाले म्हणायचे: स्टील आलेलं नाही. खरेदीवाले म्हणायचे: सही व्हायची आहे. रोज तेच. अडलंय कुठे ते सगळ्यांना दिसत होतं, पण तिथे जमलेल्यांपैकी कोणाच्याही हातात ते सोडवण्याचा अधिकार नव्हता.

‘हे सॉफ्टवेअरवाल्यांचं खूळ, आपल्या लोखंडाला लागू नाही,’ असं मत मग शेडमध्ये पक्कं झालं. ते खरं नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी सॉफ्टवेअरसाठी ‘अजाइल’चा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या याच पद्धतीचा, जाहीरनामा केला, पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९८६ मध्ये, ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी रग्बीच्या खेळाची उपमा देऊन ज्या छोट्या, स्वतंत्र चमूंचं वर्णन केलं होतं ते होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांतले होते. विचार कारखान्यांतूनच तिकडे गेला. दादाने बैठक आणली, पण तिला लागणारा अधिकार आणला नव्हता.

समोरचे पर्याय

मी आलो तेव्हा चार गोष्टी टेबलावर होत्या.

मोठ्या साहेबांचा कल नवीन सर्वो प्रेसकडे (वेग हवा तसा बदलता येणाऱ्या प्रेसकडे) होता. मशिनवर त्यांचा विश्वास, आणि तो अनुभवातून आलेला. पण असलेल्या प्रेस चालत किती वेळ होत्या? आम्ही आठवडाभर नोंद ठेवली. २५० टनी प्रेस कामाच्या वेळातला बराच वेळ उभीच होती. नवी प्रेसही तशीच उभी राहिली असती.

अकाउंट्सच्या साहेबांना मोठी ईआरपी, म्हणजे सगळ्या कामाची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली, हवी होती. माझा विरोध होता. डाय कुठल्या रॅकवर आहे ते माणसालाच माहीत नसेल तर संगणकात कोण काय भरणार?

तिसरा पर्याय मला स्वतःला मोहात पाडणारा होता: नव्या पार्टसाठी वेगळी छोटी टीम, दोन प्रेस आणि चार टूलमेकर बाजूला काढून. असं केलं की निकाल लवकर दिसतो. पण टूल रूममध्ये खऱ्या अर्थाने डाय उघडून दुरुस्त करू शकणारी माणसं एकूण पाचच होती. चार काढून घेतली असती तर जुन्या २६० पार्टचा गाडा त्याच आठवड्यात रुतला असता.

म्हणून चौथा पर्याय घेतला, सगळ्यांत कमी दिखाऊ: आहे त्याच माणसांत, आहे त्याच मशिनवर, सेटिंगचा, म्हणजे प्रेसवर एका पार्टची डाय काढून दुसऱ्याची बसवण्याचा, वेळ कमी करायचा आणि निर्णय खाली उतरवायचे.

सेटिंग: जवळून पाहिलेला एक मंगळवार

आधीच्या पार्टचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून पुढच्या पार्टचा पहिला ओके नग येईपर्यंत, असं आम्ही मोजायचं ठरवलं. एका मंगळवारी २५० टनी प्रेससमोर मोबाइल स्टँडला लावून ठेवला. एकूण लागली १९० मिनिटं. डाय शोधणं आणि फोर्कलिफ्टची वाट यात ५०. जुनी डाय उतरवून नवी बसवणं, ४५. शट हाइट (डाय मिटल्यावरची उंची) जुळवणं आणि ट्रायल, ३५. क्वालिटीचा माणूस येऊन पहिला नग ओके करेपर्यंत ४०. पत्र्याची कॉइल आणून लावण्यात २०.

दुसऱ्या दिवशी ही चित्रफीत सेटर मंडळींना कॅन्टीनमध्ये दाखवली. आम्ही काहीच बोललो नाही. सगळ्यांत ज्येष्ठ सेटरकाका मध्येच म्हणाले, “थांबवा. मी पाना आणायला किती वेळा गेलो ते मोजा.” सहा वेळा. प्रत्येक डायचे टी-बोल्ट वेगळ्या लांबीचे, क्लॅम्प वेगळ्या उंचीचे, आणि ते सगळे मिळून एका पिंपात टाकलेले. १९० मिनिटांत काका स्वतः क्षणभरही बसले नव्हते. तरी काम थांबलेलंच होतं.

पुढचा मार्ग नवा नाही. शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली. तत्त्व साधं आहे: मशिन चालू असताना जे करता येतं ते मशिन थांबवून करायचं नाही. आम्ही पुढची डाय, कॉइल आणि बोल्टांची ट्रॉली आधीचा पार्ट चालू असतानाच प्रेसशेजारी आणायला लागलो. खालच्या प्लेटला पट्ट्या वेल्ड करून डायची उंची शक्य तिथे सारखी केली. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते. असे तीन गुरुवार घालवून डायचे रॅक रंगवले आणि प्रत्येक डायला जागा आणि क्रमांक दिला.

तीन महिन्यांत १९० मिनिटांची ७० झाली, आठव्या महिन्यात ४५.

पहिला कसोटीचा निर्णय: वाचलेल्या वेळाचं करायचं काय

इथे मोठे साहेब आणि मी पहिल्यांदा समोरासमोर आलो. प्रेसचे तास मोकळे झाले, तर त्या तासांत जास्त माल काढायचा, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की जास्त माल नको, जास्त वेळा डाय बदलूया.

हिशेब कागदावर मांडला. एका पार्टचे महिन्याला ४,००० नग लागतात. आधी ते एकाच लॉटमध्ये काढायचे, सेटिंगला १९० मिनिटं. सेटिंग ४५ मिनिटांवर आली आणि दर आठवड्याला हजार काढले तर चार सेटिंग, म्हणजे १८० मिनिटं. वेळ तेवढाच, उलट दहा मिनिटं कमी. पण शेडमध्ये महिन्याऐवजी आठवड्याचाच माल पडून राहणार, आणि ग्राहकाने मध्येच ड्रॉइंग बदललं तर भंगारात जाणार ते काही शे नग, काही हजार नाहीत.

साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टोअरमधून एक यादी मागवली: बीएस-४ बंद झाल्यावर भंगारात विकलेला तयार माल. ती यादी माझ्याकडे नव्हती, मला ती सुचलीही नव्हती. ती वाचून त्यांनी स्वतःच आठवड्याच्या लॉटवर सही केली. साहेबांना पटलं ते माझ्या गणिताने नाही, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या नोंदीने पटलं.

दुसरा निर्णय: स्ट्रोक आणि ओव्हरटाइम

तिसऱ्या महिन्यात सुधारणा थबकली. ७० मिनिटांच्या खाली आकडा जाईना. काही दिवशी तो ९० वर चढायचा. कोणी उघड विरोध करत नव्हतं. चहाच्या वेळी सेटरकाका हळूच म्हणाले, “साहेब, तुमचे तीन तास वाचतात ते बरोबर. माझ्या पोरीची फी त्याच तीन तासांत असते.”

ते ऐकून मला अक्षरशः गरगरलं. मोठ्या सेटिंग दुसऱ्या शिफ्टनंतर होत आणि कारखाना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळे. सेटर लोकांच्या घरखर्चाचा मोठा भाग त्यावर चालत होता. आम्ही त्यांच्याच मेहनतीने त्यांचीच कमाई कापत होतो, आणि एकदाही ते विचारलं नव्हतं. दुसरीकडे ऑपरेटरचा इन्सेन्टिव्ह स्ट्रोकवर, म्हणजे प्रेसच्या ठोक्यांवर, होता: शिफ्टमध्ये ठरावीक आकड्यापेक्षा जास्त स्ट्रोक मारले की पैसे. लॉट छोटा झाला की स्ट्रोक कमी पडणार. म्हणजे आम्ही सांगत होतो एक आणि पगाराची पावती सांगत होती नेमकं उलट.

दोन गोष्टी ठरल्या. सेटर लोकांना आधीच्या वर्षाच्या सरासरीइतकी ओव्हरटाइमची रक्कम सहा महिने हमीने मिळेल, आणि त्यानंतर कौशल्यानुसार वेगळा ग्रेड व भत्ता. अकाउंट्समधून कडाडून विरोध झाला. दादा ठाम राहिला आणि त्याचं मला आजही कौतुक वाटतं. ऑपरेटरांचा इन्सेन्टिव्ह स्ट्रोकवरून काढून लाइनच्या डिस्पॅच यादीवर आणला: दिवसाची यादी जेवढी पुरी, तेवढा गटाचा वाटा.

गटाचा वाटा सुरू होताच पहिले दोन महिने भांडणं झाली. डाय खराब आली तर आमचे पैसे का कापायचे, हा ऑपरेटरांचा प्रश्न रास्तच होता. टूल रूमलाही त्याच यादीत घेतल्यावर ते निवळलं. सहाव्या महिन्यापासून सेटिंगचा आकडा पुन्हा खाली यायला लागला.

तिसरा निर्णय: साहेबांचं टेबल

नव्या पार्टची एक फाइल आम्ही तारखेनिशी तपासली. ड्रॉइंग आल्यापासून नमुना पास होईपर्यंत तेरा आठवडे. त्यात प्रत्यक्ष हात लागलेलं काम २१ दिवसांचं. उरलेला काळ फाइल कुठे ना कुठे पडून होती: कोटेशनच्या मंजुरीला, दहा हजारांवरच्या खरेदीसाठी तीन दरपत्रकांना, टूल रूममध्ये ब्रेकडाउनच्या डायांमागे रांगेत.

हे सांगायला मी आणि दादा दोघेच केबिनमध्ये गेलो. माणसाने पस्तीस वर्षं स्वतःच्या सहीने कारखाना सांभाळला, त्याला ‘तुमच्या सहीमुळे उशीर होतो’ हे चारचौघांत सांगायचं नसतं. आम्ही फाइलमधल्या तारखा तेवढ्या दाखवल्या. साहेबांनी विचारलं, “मी बघितलं नाही आणि कोणी चुकीचा भाव दिला तर?” प्रश्न योग्य होता. मग ठरलं ते असं: ठरावीक प्रकारच्या पार्टची किंमत काढण्याचं कोष्टक साहेबांनी स्वतः बसून तयार करायचं, त्यात बसणारं कोटेशन मार्केटिंगने थेट पाठवायचं, बाहेरचं तेवढं त्यांच्याकडे. टूल रूम प्रमुखाला पन्नास हजारांपर्यंत थेट खरेदीचा अधिकार. आणि टूल रूममध्ये एका वेळी नव्या डाया तीनच. चौथी आधीची एक बाहेर पडल्यावर.

या शेवटच्या अटीने मार्केटिंगवाले हवालदिल झाले. सगळी कामं एकदम सुरू दिसली की ग्राहकाला सांगायला बरं पडतं. पण पाच माणसांनी नऊ डाया उघडून ठेवल्या की नवाच्या नऊ उशिरा होतात, हे त्यांनी दोन महिन्यांत स्वतः पाहिलं.

आता सकाळची बैठक पुन्हा सुरू केली, दहा मिनिटांची, टूल रूमच्या दारात. या वेळी ती टिकली, कारण ‘स्टील नाही’ म्हटल्यावर ते मागवू शकणारा माणूस तिथेच उभा होता.

एक मोठी चूक

क्वालिटीच्या मंजुरीत जाणारी ४० मिनिटं वाचवायला पहिला नग ऑपरेटरनेच तपासायचा, असं आम्ही सरसकट सगळ्या पार्टना लावलं. सहाव्या महिन्यात एका ब्रॅकेटचे १,२०० नग भोकाभोवती जास्त बर (कापलेल्या कडेला राहिलेली धारदार खरखर) असलेले गेले. ग्राहकाच्या प्लांटमध्ये आमची चार माणसं दोन दिवस नग निवडत बसली. त्या प्रेसवरचा गेज (माप तपासायचं साधन) झिजलेला होता. ऑपरेटरने तपासणी प्रामाणिकपणे केली होती.

जुनी पद्धत तशीच्या तशी परत आणण्याचा दबाव मोठा होता. आम्ही मधला मार्ग काढला. सुरक्षेशी संबंध असलेल्या पार्टना क्वालिटीचा माणूस कायम, तोही सेटिंग संपायच्या आधीच हजर. बाकीच्यांना ऑपरेटर, पण प्रत्येक प्रेसला स्वतःचा, तारीख टाकून तपासलेला गेज. ऑपरेटरवर कारवाई होऊ दिली नाही. झाली असती तर पुढे कोणी पहिल्या नगावर सही करायला धजावलं नसतं.

निष्पत्ती

दीड वर्षाने कोटेशन बारा दिवसांवरून तीन दिवसांवर आलं. नवा पार्ट तेरा आठवड्यांऐवजी सातमध्ये निघतो. आम्ही चार धरले होते, ते जमलं नाही. तयार मालाचा साठा निम्म्याहून कमी झाला आणि दुसऱ्या शेडचा एक कोपरा मोकळा पडला. ३०० नगांचं काम नेलेला ग्राहक पुढच्या पार्टसाठी परत आला. सर्वो प्रेसचा निर्णय पुढे ढकलला आहे.

एक नुकसान भरून निघालेलं नाही. बावीस वर्षं नोकरी झालेल्या एका सुपरवायझरने राजीनामा दिला. कुठली डाय कुठे, कुठल्या डायला कुठला बोल्ट, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं; रात्री-अपरात्री त्यांना फोन जायचे आणि त्यात त्यांचा मान होता. आम्ही रॅकवर क्रमांक रंगवले, तेव्हा ती माहिती त्यांनीच एका दुपारी बसून सांगितली, मी वहीत उतरवून घेतली. त्यानंतर फोन बंद झाले. दुसरी जबाबदारी त्यांना देऊ केली ती राजीनाम्यानंतर, आणि तेव्हा त्यांनी हात जोडले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी मोबाइल प्रेससमोर लावायच्या आधी मी पगाराच्या पावत्या मागेन. कोणाची कमाई कशावर चालते ते कळल्याशिवाय सेटिंगला हात लावणार नाही. आमचे तीन महिने तिथे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडा विश्वासही गेला.

त्या सुपरवायझरांना माहिती विचारायच्या आधी पुढचं काम सांगायला हवं होतं. नव्या सेटरना शिकवायचं काम त्यांच्याइतकं चांगलं कोणी केलं नसतं. आज ते काम अर्धवट चाललंय.

पार्टची विभागणी, सुरक्षेचे आणि बाकीचे, पहिल्याच आठवड्यात एका दुपारी होण्यासारखी होती. घाई केली.

वेगळी टीम न काढण्याचा निर्णय मात्र मी पुन्हा तोच घेईन, निदान टूल रूममध्ये पाचच हात असेपर्यंत. आता दोन शिकाऊ तयार होत आहेत. ते उभे राहिले की हा प्रश्न परत उघडावा लागेल.

४०० टनी प्रेसची सेटिंग अजून दोन तासांची आहे, कारण दोन्ही शेडना मिळून क्रेन एकच. आणि नव्या पार्टच्या सात आठवड्यांतले दहा दिवस माल प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) बाहेर जातो तिथे पडून असतो. ते काम कारखान्याच्या दाराबाहेरचं, तिथे आमचा बोर्ड नाही आणि अधिकारही नाही. गेले दोन महिने दादा दर सोमवारी सकाळी त्या प्लेटिंगवाल्याकडे जाऊन बसतो आणि त्याच्या टाकीपुढे कोणाचा माल किती वेळ थांबतो ते वहीत लिहून आणतो.